काल २४ तासांत किती पोचलं?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात : त्यांच्या ३८ वर्षांच्या नवऱ्याला दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागला. त्याच रात्री मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ते आयसीयूत, व्हेंटिलेटरवर, बेशुद्ध आहेत. पत्र लिहिलं तो अकरावा दिवस. पहिले तीन दिवस नुसतं सलाईन होतं. चौथ्या दिवशी नळीतून तासाला २० मिली फीड (तयार पातळ अन्न) सुरू झालं, आता ते ५० मिलीपर्यंत आलंय. पण मध्येच कधी सीटी स्कॅनसाठी, तर कधी ‘पोटात साठतंय’ म्हणून ते बंद केलं जातं. चेहरा सुकलाय, दंड निम्मे झाल्यासारखे दिसतात. सासूबाईंना मुलाच्या तोंडात निदान चमचाभर दूध घालायचंय. दीर म्हणतात, शिरेतून ताकदीच्या बाटल्या लावायला सांगा. या भगिनी विचारतात, ‘त्यांना उपाशी ठेवलं जातंय का? पोटभर मिळालं तर लवकर शुद्धीवर येतील ना? घरी केलेलं पातळ अन्न द्यायचा आग्रह धरू का?’

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी चार ओळी तुम्हाला कळवल्या होत्या. आयसीयूच्या दाराबाहेर रात्र काढणाऱ्या माणसाला सदर छापून येईपर्यंत थांबवणं मला पटलं नाही. हे सविस्तर उत्तर तुमच्यासाठी आहेच, आणि तशाच बाकावर बसलेल्या इतरांसाठीही. आयसीयूत आहारतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं काम केलंय. मात्र तुमच्या नवऱ्याला मी पाहिलेलं नाही, त्यांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत. म्हणून इथलं वाचून त्यांच्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांना बाजूला सारून यातलं काही करू नका.

आधी त्या ५० मिलीकडे बघू. एवढंसं फीड म्हणजे तीन-चार मोठे चमचे, ते पाहून पोटात खड्डा पडणं साहजिक आहे. पण आपण जेवतो दिवसातून दोन-तीनदा, आणि नळीत फीड सोडणारा पंप रात्रंदिवस चालतो. ५० मिली गुणिले २४ म्हणजे १,२०० मिली. या तयार फीडमध्ये बहुधा दर मिलीला १ किंवा १.५ कॅलरी असते. १.५ची धरली तर १,८०० कॅलरी झाल्या. आयसीयूतल्या रुग्णाला स्थिरावल्यावर वजनाच्या दर किलोला २५च्या आसपास कॅलरी हा ढोबळ हिशोब असतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला १,७५०. तेव्हा ठरवलेला आकडा जर हाच असेल, तर तो उपासमारीचा नाही.

पण मी ‘ठरवलेला’ म्हणतेय. मला खरी काळजी वाटते ती पोचलेल्या आकड्याची.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी रुग्णाचं वजन बघून हिशोब मांडायचे, फाइलमध्ये लिहायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. एकदा डोक्याला मार लागलेल्या एका तरुण मुलाच्या आठ दिवसांच्या चार्टची मी ओळीनं बेरीज केली. लिहिलं होतं त्याच्या निम्म्याच्या थोडंसंच वर त्याच्या पोटात गेलं होतं. कुणी हयगय केली नव्हती. स्कॅनच्या आधी चार तास बंद, परत आल्यावर सुरू करायचं राहिलं. श्वासनळीच्या छेदासाठी मध्यरात्रीपासून बंद, शस्त्रक्रिया दुपारी झाली. नळी चोंदली, नवी घालून एक्स-रे होईपर्यंत बंद. प्रत्येक थांबा आपापल्या जागी रास्त होता, आणि त्यांची बेरीज कुणीच केली नव्हती. त्यानंतर मी फाइलवर आधी ‘काल किती गेलं’ हे लिहायला लागले.

तुमचा प्रश्न ‘त्यांना उपाशी ठेवलं जातंय का’ असा आहे. त्याचं उत्तर आरोप होऊन जातं किंवा सारवासारव. त्याऐवजी असं विचारा : ‘दिवसाचं ठरलेलं किती आहे, आणि काल २४ तासांत त्यातलं किती पोचलं?’ याचं उत्तर खाटेपाशीच्या चार्टवर असतं आणि सिस्टर ते दोन मिनिटांत सांगू शकतात. फक्त ड्यूटी बदलायच्या वेळी विचारू नका.

या आकड्याला मी इतकं का महत्त्व देते, ते सांगते. डोक्याला जबर मार लागला की माणूस निपचित दिसतो, पण आत शरीर धावत असतं. झोपेची औषधं नसतील तर विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च नेहमीच्या साधारण १४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ताप आला, थंडी वाजली, हातपाय ताठरले की तो आणखी वाढतो. गाढ झोपेची औषधं दिली की उतरतो. शिवाय शरीर स्वतःचेच स्नायू मोडून प्रथिनं वापरू लागतं. २००८ साली अमेरिकेतल्या २२ ट्रॉमा केंद्रांमधल्या ७९७ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांना पहिल्या पाच ते सात दिवसांत नळीतून अन्न सुरूच झालं नव्हतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त आढळलं. हे निरीक्षण आहे. जास्त गंभीर रुग्णाला अन्न देणं मुळातच अवघड असतं, त्यामुळे सगळा दोष उपाशी राहण्यावर टाकता येत नाही. तरीही मेंदूच्या इजेवरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आजही पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत मूलभूत गरजेएवढ्या कॅलरी पोचाव्यात असं म्हटलेलं आहे.

मग पहिले तीन दिवस गेले त्याचं काय? साधारणपणे २४ ते ४८ तासांत नळीतून थोडंथोडं सुरू करायचा प्रयत्न असतो. पण रक्तदाब टिकवण्यासाठी जोरदार औषधं चालू असतील तर आतड्याकडे रक्तच कमी जातं, आणि अशा आतड्यात अन्न ढकलणं घातक ठरू शकतं. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत हेच कारण होतं का, ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर काहीही आलं, तरी चौथ्या दिवशी सुरू होणं हे हाताबाहेर गेलेलं नाही. त्यावर झुरू नका. सलाईनबद्दल एक मात्र लक्षात असू द्या : साध्या सलाईनमध्ये एकही कॅलरी नसते. साखरेचं पाणी लावलं असतं तरी ५ टक्क्यांच्या लिटरभर बाटलीत जेमतेम १७० कॅलरी असत्या, आणि मेंदूला सूज असताना ते बहुधा टाळतातच, कारण त्यातलं मोकळं पाणी सूज वाढवू शकतं.

२० मिलीपासूनची सावकाश सुरुवातही कंजूषपणा नव्हे. डोक्याच्या इजेनंतर आणि वेदनाशामकांमुळे जठर आळसावतं; आलेलं अन्न पुढे सरकत नाही. त्यातून काही दिवस काहीच न गेलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येतं. त्याचा ताण हृदयावर आणि श्वासावर येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात पायऱ्या चढत जायचं असतं आणि या तिन्हींच्या तपासण्या करत राहायचं असतं.

‘पोटभर’ या शब्दापाशी मला थोडं थांबायचंय. आपल्या माणसाला पोटभर मिळावं ही इच्छा मी कशी चूक म्हणू? पण या अवस्थेत गरजेपेक्षा जास्त गेलेलं अन्न शरीर वापरू शकत नाही. रक्तातली साखर चढते, यकृतात चरबी साठते, कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतला दाब वाढतो. साखर अगदी दाबून ठेवणंही बरं नाही. २००९ साली सहा हजारांहून जास्त रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत साखर कडक आवळून ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी १४० ते १८०च्या दरम्यान ठेवतात. मेंदू ग्लुकोजवर जगतो, त्यामुळे साखर फार खाली जाणं त्याला आणखी महागात पडतं. इन्शुलिन चालू असताना फीड अचानक थांबलं तर नेमकं तेच होऊ शकतं. असा थांबा दिसला तर ‘साखर तपासताय ना?’ एवढं जरूर विचारा.

आता दंडांबद्दल. ते बारीक झालेले तुम्हाला दिसताहेत, तो तुमचा भास नाही. लंडनमधल्या ६३ गंभीर रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात मांडीच्या एका स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दहा दिवसांत सरासरी जवळजवळ १८ टक्क्यांनी घटलं होतं. हे रुग्ण उपाशी नव्हते. स्नायू झिजतात ते आजारामुळे, सुजेमुळे आणि पडून राहिल्यामुळे. अन्न ती झीज कमी करतं, पूर्ण थांबवत नाही. म्हणून बारीक दिसणं हा उपाशी ठेवल्याचा पुरावा नाही. उलटपक्षी, अंगावर पाणी साचून काही रुग्ण भरलेले दिसतात, तेव्हा घरच्यांना उगाच दिलासा मिळतो. डोळ्यांवर दोन्ही बाजूंनी विसंबू नका. फिजिओथेरपिस्ट हातपाय हलवायला दिवसातून किती वेळा येतात तेही बघा, कारण न हललेल्या स्नायूला नुसत्या प्रथिनांनी ताकद येत नाही.

प्रथिनांचा हिशोब वेगळा विचारायला हवा. कॅलरी पुऱ्या झाल्या तरी प्रथिनं कमी पडल्याचं मी अनेकदा पाहिलंय. डोक्याच्या गंभीर इजेत दर किलोला साधारण दीड ग्रॅम आणि त्याहून वर असा आकडा धरतात. ७० किलोला १०५ ग्रॅम. नेहमीच्या फीडमधून तेवढी मिळतातच असं नाही, मग प्रथिनांची पावडर वेगळी द्यावी लागते. शिवाय झोपेसाठी दुधासारखं पांढरं औषध, प्रोपोफॉल, चालू असेल तर त्यातच स्निग्धांश असतो, मिलीला १.१ कॅलरी. त्या कॅलरी मोजून फीड कमी केलं जातं, आणि फीडबरोबर प्रथिनंही घटतात. मात्र ‘जितकी जास्त तितकी चांगली’ हेही खरं नाही. दर किलोला २.२ ग्रॅम किंवा जास्त देऊन पाहिलेल्या २०२३ सालच्या चाचणीत फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंडाला इजा असलेल्यांत नुकसानीची शंका आली.

थांब्यांकडे परत येते, कारण तुमच्या हातात काही असेल तर ते तिथे आहे. काही थांबे टाळता येत नाहीत. फेनिटोईनसारखं झटक्यांचं औषध नळीतून द्यायचं असेल तर आधी-नंतर तास-दोन तास फीड थांबवतात, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. ‘पोटात साठतंय’ या थांब्यावर मात्र बोलता येतं. पूर्वी जठरातून १५०-२०० मिली मागे आलं की फीड बंद व्हायचं. आता उलटी, पोटफुगी अशी लक्षणं नसतील तर ५०० मिलीपर्यंत केवळ त्या आकड्यासाठी बंद करू नये असं सांगितलं जातं. पुन्हापुन्हा साठत असेल तर जठर हलवणारी औषधं असतात, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे ना हे बघायचं असतं, आणि तरीही जमलं नाही तर नळीचं टोक जठराच्या पुढे लहान आतड्यात नेता येतं. त्यामुळे न्यूमोनियाचा धोकाही कमी होतो. काही आयसीयू तासाचा वेग ठरवण्याऐवजी दिवसाचं एकूण प्रमाण ठरवतात आणि चार तास बुडाले तर उरलेल्या वेळात वेग वाढवून भरून काढतात. ‘बुडालेलं भरून काढता येईल का?’ हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर रोज विचारला असता. पंपाला स्वतः हात लावून मात्र नव्हे.

जुलाब झाले तर लगेच ‘फीड सोसत नाही’ असं ठरवू नका. बरेचदा कारण अँटिबायोटिक असतं किंवा गोड पातळ औषधांतलं सॉर्बिटॉल.

घरच्या अन्नाविषयी माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. बारीक नळीतून जावं म्हणून ते गाळून, पाणी घालून इतकं पातळ करावं लागतं की मिली वाढतात आणि अन्न उरत नाही. त्यात किती प्रथिनं, किती सोडियम, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जास्तीच्या पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरलं तर मेंदूची सूज वाढते. नळी चोंदली की पुन्हा काही तास उपास. जंतूंचा धोका आहेच. पुढे कधी ते स्थिर होऊन घरी आले आणि तेव्हाही नळी असली, तर आहारतज्ज्ञाकडून प्रमाण ठरवून घरचं अन्न देता येतं. अशी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. ती वेळ वेगळी.

तुमच्या दिरांचा शिरेतून पोषणाचा आग्रह मायेपोटी आहे, पण आतडं चालत असेल तर आतड्याचाच वापर करावा. शिरेतलं पोषण हा खरा आणि उपयोगी उपचार आहे, तो आतडं बंद पडलेल्यांसाठी किंवा आठवडाभर प्रयत्न करूनही नळीतून पुरेसं जाऊ न शकलेल्यांसाठी. लवकर लावलं म्हणजे बरं, असं नाही. बेल्जियममध्ये साडेचार हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०११ साली, आठवडाभर थांबून लावलेल्यांत संसर्ग कमी आणि आयसीयूतून सुटका लवकर झालेली दिसली.

शुद्धीवर येण्याबद्दल तुम्ही विचारलंत. इथे गोड बोलून तुम्हाला फसवायचं नाही. अन्नानं मेंदू जागा होत नाही. ते केव्हा आणि किती जागे होतील, हे इजा कुठे आणि किती झाली यावर आहे, आणि त्याबद्दल न्यूरोसर्जनशीच बोलायला हवं. अन्न काय करतं, तर मेंदू सावरत असताना बाकीचं शरीर मोडू देत नाही : जखम भरते, पाठीला व्रण होण्याचा धोका घटतो, व्हेंटिलेटर सुटल्यावर श्वास ओढायला छातीत बळ राहतं. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितेय, कारण ‘मी आणखी आग्रह धरला असता तर ते जागे झाले असते’ हा विचार नंतर वर्षानुवर्षं छळतो. तो तुम्ही आत्ताच मनातून काढून टाकावा असं मला वाटतं.

आणि सासूबाई. त्यांना कुणी दटावू नका. त्या जे मागताहेत ते आईच मागणार. पण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, आणि घशातलं दूध फुफ्फुसात उतरलं तरी खोकला येत नाही. बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया सगळी मेहनत पाण्यात घालवतो. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. त्याऐवजी सिस्टरना विचारून तोंडाची निगा त्यांच्याकडे सोपवा : ओलसर बोळ्यानं हिरड्या आणि जीभ पुसणं, ओठ कोरडे पडू न देणं. हे मन रमवायला दिलेलं काम नाही. तोंड स्वच्छ असेल तर फुफ्फुसाकडे जाणारे जंतू कमी होतात. मुलाच्या तोंडाशी आईचा हात जाईल, आणि त्याला अपाय होणार नाही.

एक छोटी वही ठेवा. रोज एकच ओळ : ठरलेलं किती, पोचलेलं किती, प्रथिनं किती, थांबलं तर कशामुळे. सलग दोन-तीन दिवस पोचलेलं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली दिसलं, तर ती वही घेऊन डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना एकत्र भेटायला मागा. शांतपणे दाखवलेली तारीखवार नोंद ऐकून घेतली जाते, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या काही आठवड्यांत काय येऊ शकतं तेही आत्ताच सांगते. भान परतायला लागलं की रुग्ण चाळवतो, नळी ओढतो. तेव्हा हाताला जाड मोजे घातलेले दिसले तर घाबरू नका. पण ते किती वेळ ठेवणार हे विचारा. नळी चारेक आठवड्यांपेक्षा जास्त लागेल असं दिसलं तर पोटातून थेट जठरात नळी बसवण्याचा विषय निघेल. तो निघाला म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली असं नव्हे. नाकघशाचा त्रास वाचतो, आणि गिळता यायला लागलं की ती काढता येते.

ते जागे झाले आणि ओळखू लागले, तरी लगेच तोंडानं काही देऊ नका. आधी गिळण्याची तपासणी व्हायला हवी. ती स्पीच थेरपिस्ट करतात. खोकल्याचा जोर, आवाज ओला येतो का, घोट घेतल्यावर श्वास बदलतो का, हे बघतात. गरज पडली तर नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. साधं पाणी पुष्कळदा घट्ट पदार्थापेक्षा अवघड जातं, कारण ते घशात फार वेगानं उतरतं. म्हणून सुरुवात बहुधा दाटसर घोटानं होते, तीही मान किंचित खाली झुकवून, एका वेळी अर्धा चमचा. ती तपासणी ठरेल त्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या. चमचा कसा धरायचा, किती भरायचा आणि कुठे थांबायचं, हे थेरपिस्टकडून त्यांनाच शिकून घेऊ द्या.